पाचवं टेबल

“बाहुल्या खेळत नाहीत हो, बाहुल्यांशी आपण खेळतो.”

हे वाक्य माझं. अख्ख्या वर्गासमोर, स्क्रीनवरून, एका म्हाताऱ्या बाईला मी ते हसत हसत ऐकवलं, आणि वर्ग हसला म्हणून स्वतःवर खूशही झाले. तेव्हा माझी साठी उलटून गेली होती, त्यामुळे ‘लहान होते, कळत नव्हतं’ ही सबबही मला लागू नाही. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात. माझं बहुतेक युट्रेख्टला गाडी बदलताना चुकलं असावं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे. आधी मी काम काय करायचे ते सांगते, कारण भारतात नातेवाइकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझी नणंद अजून सगळ्यांना सांगते, “शैला तिकडे म्युझियममध्ये असते,” आणि ऐकणारे माझ्याकडे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं बघतात.

नेदरलँड्समधल्या एका लहान गावच्या संग्रहालयात शाळांच्या सहली सांभाळणं हे माझं काम. जहाजांच्या प्रतिकृती, जुने नकाशे, तोफेचे गोळे, असा सगळा समुद्री संसार. डच शाळांमधली नऊ-दहा वर्षांची मुलं येणार, मी त्यांना तासाभरात इतिहास भरवणार. भरवणार म्हणजे अक्षरशः. त्या वयाचं मूल इतिहासाच्या बाबतीत वरणभात नको म्हणणाऱ्या पोरासारखंच असतं, चिऊ-काऊ केल्याशिवाय तोंड उघडत नाही. मुलं मला ‘यूफ शैला’ म्हणायची. यूफ म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’. 

मी या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून. श्रीकांतला नोकरी होती, मला थंडी होती. भाषा शिकले आणि याच संग्रहालयात लोकांचे कोट घेऊन टांगायला लागले. कोट टांगता टांगता पाहिलं, की मुलं आत जाताना उड्या मारत जातात आणि बाहेर येताना पाय ओढत येतात. मला वाटलं, यांना खेळ हवा. आणि खेळ रचणं हे तर आमच्या मिरजेच्या आळीतलं माझं खास काम! मग मी एक खेळ रचला. पुढची वीसेक वर्षं मी त्याच खेळाची भाकरी खाल्ली.

खेळ असा. दक्षिण अमेरिकेचा वरचा किनारा, जिथे आज सुरिनाम वगैरे आहे. त्या एका किनाऱ्यावर डच, इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज हे चौघेही खरोखरच शेजारी शेजारी येऊन बसले होते आणि एकमेकांचे किल्ले पाडत होते. आपल्याकडे मुंबई, वसई, गोवा, वेंगुर्ला या पट्ट्यात जे चाललं होतं तेच, फक्त खेळाडू नारळाऐवजी दुसऱ्या झाडांखाली. मी चार टेबलं मांडली, एकेका देशाचं एकेक. मधे मोठा कापडी नकाशा. तो मी माझ्या जुन्या सुती साडीवर शिवला होता. नद्या निळ्या काठाच्या, जंगल हिरव्या परकराचं. प्रत्येक टेबलाला काचेचे मणी, कुऱ्हाडी, आरसे द्यायचे, त्यांनी ते नद्यांवरच्या गावांत न्यायचे आणि बदल्यात कापूस, रंगाचं लाकूड, तंबाखू आणायची. ज्याचे मणी जास्त, ते गाव त्याचं. शिवाय किल्ल्याचे पत्ते, वादळाचे पत्ते, आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे तहाचा पत्ता. तो आला की दोन टेबलं आपसांत आख्ख्या नद्यांची अदलाबदल करू शकत. हे मी मनाचं रचलेलं नाही. इंग्रजांनी आणि डचांनी एका तहात सुरिनाम इकडे आणि आजचं न्यूयॉर्क तिकडे असं करून टाकलं होतं. मुलांना हे सांगितलं की ती डोक्याला हात लावायची. “न्यूयॉर्क देऊन टाकलं? यूफ, कोण होता तो गाढव?”

पहिल्या वर्षी तर मी टेबलावर खरी तंबाखू ठेवली होती. मिरजेची मुलगी, निपाणी जवळ, माझ्या आजीच्या फडताळात तंबाखू ही हळदीशेजारची वस्तू. मला त्यात वावगं ते काय वाटणार? डच आयांना वाटलं. एक मुलगी कोटाच्या खिशात भरून घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखांनी, मार्टाइनने, मला खोलीत बोलावून विचारलं, “शैला, तू मुलांना नक्की काय शिकवतेस?” त्यानंतर तंबाखूच्या जागी वाळका चहा आला.

गिऱ्हाइकं एकेक और असायची. एका वाढदिवसाच्या पार्टीत मुलं केक खायला पळाली आणि दोन बापच डच आणि इंग्रज टेबलांवर बसून हमरीतुमरीवर आले. एक म्हणाला, “ही नदी आमची.” दुसरा म्हणाला, “ती कायमच आमची होती.” दोघंही विमा कंपनीत कामाला. एक निवृत्त खलाशी आजोबा दर महिन्याला यायचे, फक्त माझा पोर्तुगीज झेंडा चुकला आहे हे सांगायला. मी दर वेळी आभार मानायची, झेंडा कधीच बदलला नाही. ते यायचे कायमचे थांबले तेव्हा बदलला. कुणी सांगायला उरलं नव्हतं.

आता राहिली गावं. गावांवर माणसं हवीत ना! त्यासाठी मी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेतले, त्यांना डोळे काढले, केस लावले, इवलेसे लाल घागरे आणि पट्टे शिवले. फार गोड दिसायचे. मुली तर ते खिशात घालून न्यायला बघायच्या. ज्या टेबलाने गाव मिळवलं त्याने तिथली बाहुली उचलून आपल्याकडे उभी करायची. तह झाला की बाहुल्या नदीबरोबर इकडून तिकडे.

मी त्या माणसांना घागरे शिवले, हातांत मण्यांच्या माळा दिल्या. डाव मात्र दिला नाही.

आपल्याकडे याला नाव आहे. कच्चं लिंबू. सगळ्यांत धाकटं भावंड रडायला लागलं की मोठी मुलं म्हणतात, बरं ये, तू कच्चं लिंबू. म्हणजे तू मैदानात आहेस, पळतोयस, घामाघूम होतोयस, पण तू आउट झालास तरी आउट नाहीस आणि तू पकडलंस तरी पकडलं नाहीस. आमच्या आळीत ते लिंबू मीच होते. लगोरी फोडली की सगळे ओरडायचे, “ए, शैलीचं धरायचं नाही!” रागाने मी घरी जाऊन न्हाणीघराचं दार लावून बसायची. तीच शैली मोठी झाली आणि आख्ख्या किनाऱ्यावरच्या माणसांना लिंबू करून बसली, आणि वर घाऱ्या डोळ्यांच्या पोरांना शिकवत सुटली, की बघा, इतिहास असा झाला. एवढ्या वर्षांत एकाही मुलाने, शिक्षकाने, अगदी त्या खलाशी आजोबांनीही विचारलं नाही, की चिमटे का खेळत नाहीत. मीही नाही.

मग करोना आला. संग्रहालयाला कुलूप, शाळांना कुलूप. मी निवृत्तीला टेकले होते, पण मार्टाइनचा फोन आला. “शैला, मुलं घरी बसून वेडी होतायत, आयाबापही. तुझा खेळ स्क्रीनवर होईल का?” होईल की! रायस्वाइकच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर साडी अंथरली, वर श्रीकांतने शिडीला कॅमेरा बांधला, आणि तो स्वतः चिमटे हलवायला बसला. हा माणूस आयुष्यभर पुलांची गणितं करत होता. आता तो गंभीर चेहऱ्याने, “इंग्रज, तुमच्यासाठी कुठल्या गावातली बाहुली उचलू?” असं विचारत होता. 

मुलांना खेळ इतका आवडला की मार्टाइनने पुढची उडी मारली. खेळ खोक्यात घालून छापायचा आणि देशभर घरोघरी पाठवायचा. निधी मिळाला, चित्रकार मिळाली, नमुन्याचं खोकं घरी आलं. झाकणावर जहाज, समुद्र, कोपऱ्यात माझ्या घागऱ्यातल्या बाहुल्या, आणि खाली लिहिलेलं, ‘खेळाची रचना’ आणि माझं नाव. आडनावासकट. खोटं कशाला बोलू, मी ते खोकं दिवाणखान्यात असं ठेवलं की व्हिडिओ कॉलवर भारतात सगळ्यांना दिसावं. नणंदेला विशेष करून.

याच सुमाराला युट्रेख्टच्या एका शाळेचा वर्ग होता. स्क्रीनवर चौकटी चौकटीत मुलं, पायजम्यात, एकाच्या मांडीवर मांजर. इंग्रजांच्या गटात नोव्हा नावाची मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, फार हुशारीने मणी खर्च करणारी. खेळ रंगात आला आणि तिच्या चौकटीतून, कॅमेऱ्याच्या बाहेरून, एक म्हातारा आवाज आला.

“आणि त्या बाहुल्या कधी खेळणार?”

“ओमा, श्श!” नोव्हा म्हणाली. ओमा म्हणजे आजी.

त्यावर मी ते वाक्य बोलले. वर्ग खळखळून हसला. नोव्हा हसली नाही. तिची चौकट काळी झाली. मला वाटलं, इंटरनेट गेलं.

पुढच्या तासाला ती आलीच नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने फोन केला. तरुण मुलगी, बिचारी अडखळत बोलत होती. “यूफ शैला, एक सांगायचं होतं... नोव्हाची आजी कालिन्या जमातीची आहे. सुरिनामच्या मूळ रहिवाशांपैकी. म्हणजे... तुमच्या नकाशावरची.”

नकाशावरची! मी फोन ठेवला आणि टेबलावरच्या चिमट्यांकडे बघितलं. ते नेहमीसारखे गोड हसत होते. तोंडं मीच काढली होती.

माफी मागायला फोन केला. आजीचं नाव योसेफीन. ऐंशीच्या आसपासची. तिची मुलगी, म्हणजे नोव्हाची आई, वृद्धाश्रमात नर्स, घरी नसायचीच, म्हणून नोव्हाच्या अभ्यासाला आजी शेजारी बसायची. मी डच भाषेतले माझ्याकडचे सगळे आदरार्थी शब्द वापरून मोठी माफी तयार ठेवली होती. तिने ती अर्ध्यात तोडली.

“माफी राहू द्या हो. तो खेळ घेऊन या. नोव्हा म्हणते फार चांगला आहे, आणि रागाने उशीवर बुक्क्या मारते. मला बघायचाय.”

तेव्हा नियम होता, घरी दिवसाला एकच पाहुणा. श्रीकांत म्हणाला, “या वयात, या दिवसांत, आगगाडीने? चिमटे घेऊन?” मी म्हटलं, “हो, आणि साडीही.” रिकाम्या गाडीत मास्क लावून, मांडीवर दक्षिण अमेरिका घेऊन मी युट्रेख्टला गेले.

चौथ्या मजल्यावरचं घर. बाल्कनीचं दार सताड उघडं, तिघी कोट घालून टेबलाच्या तीन टोकांना. योसेफीन म्हणजे मूर्ती लहान. पांढरे केस, शाल, आणि समोरच्याला जोखणारे डोळे. साडीवरून तिने हात फिरवला, नद्या चाचपल्या, एका नदीवर बोट टेकवून म्हणाली, “ही आमची. मुखाजवळ गाव. तुम्ही इथे जंगल लावलंय, इथे खाजण हवं.” मग तिने सगळे चिमटे गोळा करून स्वतःपुढे ओळीने उभे केले. एकाचा घागरा बघून हसू आवरेना तिला. “हे तर बाहेर निघालेत वाटतं नाचायला! बरं. आता मी.”

“तुम्ही... म्हणजे?”

“म्हणजे मी ही सगळी माणसं. तुम्ही डच आणि इंग्रज. नोव्हा फ्रेंच. चला, काय आणलंय?”

मी इंग्रज म्हणून मणी पुढे केले.

“मणी?” योसेफीनने नाक मुरडलं. “काल डच आले होते, ते कुऱ्हाड देत होते.”

“डच मीच आहे,” मी म्हटलं. “मी कुठे कुऱ्हाड दिली?”

“ते इंग्रजांना काय माहीत?”

नोव्हा खुदकन हसली. मी इंग्रज म्हणून एक कुऱ्हाड ठेवली. योसेफीन कापूस देईना. म्हणाली, फ्रेंचांची होडी येतेय म्हणे, बघू ते काय म्हणतात. फ्रेंचांनी, म्हणजे नोव्हाने, आजीच्या डोळ्यांकडे बघून दोन कुऱ्हाडी आणि आरसा सांगितला. मग योसेफीन माझ्या डचांकडे वळून हळूच म्हणाली, “तुम्हाला म्हणून सांगते, फ्रेंच इथे किल्ला बांधणारेत. त्यांच्याआधी आलात तर आम्ही वाट दाखवू. बदल्यात त्या वरच्या गावाशी आमचं भांडण आहे, त्यात यायचं.” थोड्या वेळाने माझे डच आणि माझेच इंग्रज एकमेकांशी लढत होते आणि योसेफीनकडे कुऱ्हाडींचा ढीग साठला होता.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला न कळलेली गोष्ट त्या बाल्कनीच्या वाऱ्यात कळली. मंडईत दोन गिऱ्हाइकं एका फणसासाठी भांडत असली, की राजा कोण? फणसवाली! हे चारही देश एकमेकांच्या उरावर बसत होते म्हणूनच तिथल्या माणसांना बोलायला, अडवायला, निवडायला जागा होती. ती माणसं वाट बघत उभी नव्हती. ती खेळत होती, आणि बरं खेळत होती.

मग पत्ता ओढला तर माझ्या हातात तह आला. मी कचरले. योसेफीन म्हणाली, “दाखवा.”

“डच आणि इंग्रज नद्या बदलतात,” मी वाचलं.

“मला कुणी विचारलं?”

“नाही.”

“बरोबर. नव्हतंच विचारलं. हे ठेवा खेळात, खरं आहे.” तिने चिमटे निमूटपणे एकीकडून दुसरीकडे सरकवले. स्वतःच्या हाताने. मला बघवेना. “पण तिथे खेळ संपत नाही. मग आमची माणसं लढली. इतकी, की शेवटी डचांना आमच्याशीही तह करावा लागला. आम्हाला गुलाम करणार नाही म्हणून. माझी आजी हे सांगताना कसावाच्या कंदाची भाकरी थापणं थांबवायची. तो पत्ता कुठाय?”

तो पत्ता नव्हता. मला ती गोष्टच माहीत नव्हती. आणि मी यूफ!

कॉफी पिताना तिने सांगितलं, की पुढे डच आणि फ्रेंच यांनी तिच्या गावची नदीच सीमा करून टाकली. तिचा धाकटा भाऊ लग्न होऊन पलीकडे गेला, म्हणजे फ्रान्सच्या राज्यात गेला. एरवी काही अडत नव्हतं, सकाळी होडीने जाऊन जेवून परत. आता करोनामुळे नदी बंद. बहीण अलीकडच्या काठावर आजारी, भाऊ पलीकडे, आणि पोलीस त्याला सांगतात, तो परदेश आहे. “मी समुद्रापलीकडे, मी नाही जाऊ शकत हे समजतं,” ती म्हणाली. “पण त्याला तर समोरचा किनारा दिसतो.” नोव्हाने तिच्या शालीचं टोक नीट केलं.

निघताना तिने विचारलं, “तुम्ही इंडियाच्या ना?”

“हो.”

“मग तू खरी इंडियन. मी चुकून झालेली.” आणि अशी आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो.

घरी आले तर मार्टाइनचा निरोप, सोमवारी खोकी छपाईला जातायत, शेवटची नजर टाक. मी फोन केला. म्हटलं, थांबव. पाचवा खेळाडू हवा, नवे पत्ते हवेत, सगळे नियम बदलायला हवेत.

“शैला, मी समजू शकतो,” मार्टाइन म्हणाला. तो खरंच भला माणूस आहे, आणि भल्या माणसाशी भांडणं सगळ्यात कठीण. “पण निधीची मुदत आहे. आता छापू, पुढच्या आवृत्तीत सुधारू. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तुला माहितेय.”

श्रीकांतनेही तेच सांगितलं. “अगं, एका घरात कळलंय. बाकी कुणाला काय कळणार? तुझं नाव येतंय, येऊ दे.”

मला नाव हवं होतं हो. फार हवं होतं. नवऱ्याच्या कागदावर ‘सोबत पत्नी’ म्हणून या देशात शिरलेल्या बाईला झाकणावरच्या आपल्या नावाचं किती वाटतं, हे ज्यांचं नाव कायम झाकणावरच असतं त्यांना नाही कळायचं. शनिवार-रविवार मी त्या खोक्याभोवती मांजरीसारखी फिरले. स्वतःची समजूतही काढून पाहिली, की मुलं घरी कंटाळलीयत, त्यांच्यासाठी तरी. मग डोळ्यांपुढे ती घरं आली. हजारो घरं, हजारो टेबलं, आणि प्रत्येकावर मी शिवलेल्या घागऱ्यांतली माणसं गप्प उभी. त्यातल्या एखाद्या टेबलाशी आणखी एखादी नोव्हा, आणि शेजारी तिची ओमा.

सोमवारी सकाळी मी नाही म्हणाले. शूरपणे वगैरे नाही, रडके आवाज काढत. खोकी छापली गेली नाहीत, निधी परत गेला, पुन्हा आला नाही. माझं नाव कुठल्याच झाकणावर नाही. याचं वाईट वाटतं का? वाटतं. नणंद अजून विचारते, “त्या खेळाचं काय झालं गं?”

त्या हिवाळ्यात संचारबंदी होती, संध्याकाळ संपली की बाहेर पडायचं नाही. मी आणि योसेफीन फोनवर खेळ नव्याने रचत बसायचो. ती सांगायची, मी कापायची, शिवायची. खाजण लावलं. कसावाच्या भाकरीचा पत्ता आला, होडीचा आला, दोन गावांच्या भांडणाचा आला, लढाईचा आणि त्यांच्या तहाचा आला. कधी कधी खेळ बाजूला राहायचा. ती म्हणायची, “आज बहिणीने सूप घेतलं.” एकदा म्हणाली, “आज नाही रचायचं.” मी फोन तसाच धरून बसले. पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. भावाला शेवटी नदी ओलांडू दिली होती, पण तोपर्यंत बहिणीला माती देऊन झाली होती.

शाळा उघडल्या. नोव्हाचा वर्ग संग्रहालयात आला, सगळी मुलं वीतभर उंच झालेली. हॉलमध्ये मी आता पाच टेबलं मांडली होती. योसेफीन मुलीच्या गाडीतून आली होती, खास कोट घालून, एका खुर्चीत राणीसारखी. पाचव्या टेबलावर नोव्हा बसली आणि तिने चारही साम्राज्यांना असं काही नाचवलं, की इंग्रजांचा पुढारी म्हणाला, “यूफ, हे बरोबर नाही, तिला सगळंच मिळतं!” पाचवं टेबल जिंकलं. टाळ्या झाल्या. नोव्हाने जाताना मला कडकडून मिठी मारली. मिठीला तेव्हा अजून परवानगी नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही.

दुपारी मुलं गेली. मी आवरत होते, तर योसेफीन म्हणाली, “बस की. एक डाव आपण दोघी.” ती पाचव्या टेबलाची, मी डच. ती नेहमीसारखी चलाख खेळत होती, पण पत्ते तिच्या बाजूने पडत नव्हते. वादळ आलं, होडी गेली, एक गाव आजाराने रिकामं झालं. माझ्या हातात किल्ल्याचा पत्ता होता. तो टाकला की तिची नदी बंद आणि डाव माझा. मी तो पत्ता इतरांच्या मागे सरकवला आणि फालतू एक कापसाचा पत्ता टाकला. शिवाय म्हटलं, “छे, आज माझ्याकडे काहीच येत नाही बघ.” खरं तर नियमही मी तसेच करून ठेवले होते. पाचव्या टेबलाला जास्तीचे पत्ते, जास्तीच्या कुऱ्हाडी, पत्ते फारच वाईट पडले तरच हरायची सोय. ते तिला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, एवढं तर मी त्यांचं देणं लागते.

तिने माझ्या हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली:

“शैला, लपवलास तो टाक. मला जिंकवायला मी काही तुझी नात नाही. आम्ही पुष्कळदा हरलोय गं, आणि तरी बघ, ही मी तुझ्यासमोर बसलेय. तू तुझा पत्ता टाक, मग मी काय करते ते बघ.”